मेपल सिरपच्या पिंपात मुरलेली बियर

मिशिगनकर

हिवाळा आला की इथल्या दुकानांत मेपलच्या बियर दिसायला लागतात, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतं, "यातली कुठली घ्यावी?" या विषयावर मराठीत कुठे नीट लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी एक फरक. बहुतेक मेपल बियरमध्ये सिरप थेट बियरमध्ये ओततात. मला बोलायचंय ते दुसऱ्या, बऱ्याच दुर्मीळ प्रकाराबद्दल. यात बियर अशा लाकडी पिंपात मुरते, ज्यात आधी बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) होती आणि मग मेपल सिरप. बियरमध्ये वेगळं सिरप घालायची गरजच नसते. लाकडात जे शिरलेलं असतं, तेवढंच बियरला मिळतं.

या प्रकाराचं नाव जगभर झालं ते आमच्या ग्रँड रॅपिड्समधल्या फाउंडर्स ब्रुअरीच्या 'कॅनेडियन ब्रेकफास्ट स्टाउट'मुळे. लोक तिला नुसतं सीबीएस म्हणतात. कॉफी आणि चॉकलेट घातलेली दणकट इम्पीरियल स्टाउट (भाजक्या धान्याची काळी, चढी बियर), आणि मुरवलेली अशा बर्बन पिंपांत, ज्यांत त्याआधी मिशिगनचंच मेपल सिरप मुरत होतं. २०११ साली ती पहिल्यांदा मोठ्या ७५० मिलीच्या बाटल्यांत आली आणि बघता बघता संपली. पुढे कित्येक वर्षं बाटली आलीच नाही. लोक जुन्या बाटल्या जपून ठेवायचे, अदलाबदलीत मोठमोठ्या किमती सांगायचे. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये ती परत आली, ११.७ टक्के अल्कोहोलची.

आता या पिंपाचा प्रवास. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन नव्या कोऱ्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या लाकडातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. त्यामुळे केंटकीतून दरवर्षी असंख्य रिकामी पिंपं बाहेर पडतात. काही स्कॉटलंडला व्हिस्कीसाठी जातात, काही मेक्सिकोत टकिलासाठी, काही ब्रुअरीत. आणि थोडी मेपलवाल्यांकडे. वॉशिंग्टन राज्यातली वुडिनव्हिल व्हिस्की किंवा व्हरमाँटमधली रनअमॉक यांचं पिंपात मुरलेलं सिरप सहज मिळतं. सिरप काही महिने पिंपात राहतं, लाकडातली बर्बन आणि व्हॅनिलाचा वास ओढून घेतं, मग बाटलीत जातं. उरतं ते आतून सिरप माखलेलं पिंप. सीबीएसची सगळी करामत त्या उरलेल्या पिंपाची आहे.

मला हा प्रकार मनापासून आवडतो, कारण यात मेपल मिरवत नाही. पहिला घोट घेतला की कॉफी आणि डार्क चॉकलेट लागतं, मागून बर्बन येते, आणि घोट गिळल्यावर बऱ्याच वेळाने जिभेच्या कडांना तो लाकडी, किंचित धुरकट गोडवा जाणवतो. पॅनकेकवर ओतलेल्या सिरपची चव शोधत बसलात तर निराश व्हाल. ती तिथे नसते आणि नसावीही.

जाणकारांनी भर घालावी.

रंकाळा_काठचा

वाचायला मजा आली. बियरमधलं मला फारसं कळत नाही, पण घरी तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ आहे, म्हणून सिरपबद्दल विचारतो. मेपलचा रस किती आटवतात? आमच्याकडे काकवी साधारण १०५ अंशांच्या आसपास उतरवतात, गुळासाठी ११८ पर्यंत नेतात. आणि काकवीच्या पिंपात अशी बियर होईल का?

मिशिगनकर

@रंकाळा_काठचा, तुमच्यासारख्याला हे चटकन कळेल. मेपलचा रस झाडातून निघतो तेव्हा जवळजवळ पाण्यासारखाच असतो, जेमतेम २ टक्के साखर. उसाच्या रसात याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे १ लिटर सिरपला अंदाजे ४० लिटर रस आटवावा लागतो. पाणी उकळतं त्याच्या वर साधारण ४ अंश, म्हणजे १०४ ला ते तयार होतं. तेव्हा साखर ६६-६७ टक्क्यांवर पोचलेली असते. तुमच्या काकवीच्या अगदी जवळ.

हंगाम छोटा. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं, तरच रस वाहतो. झाडाला कळ्या फुटल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. ही कला गोऱ्या लोकांनी शोधलेली नाही. या सरोवरांच्या प्रदेशातले अनिशिनाबे लोक युरोपीय यायच्या कितीतरी आधीपासून मेपलची साखर करत आले आहेत, भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत रस गोळा करून. मिशिगनच्या मेपलबद्दल बोलताना त्यांचं नाव आधी घ्यायला हवं असं मला वाटतं.

काकवीच्या पिंपाबद्दल घरगुती_ब्रुअर सांगतील. ते प्रत्यक्ष करतात.

घरगुती_ब्रुअर

हजर. न्यू जर्सीत असतो. इथे घरी बियर करायला १९७८ च्या कायद्याने मुभा आहे. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या मंडळींनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं.

काकवीच्या पिंपात बियर होईल, पण तिची चव मेपलची नसेल. काकवीत उसाची खनिजं आणि मळीचा तो जडपणा असतो. स्टाउटमधल्या भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कडवटपणा आधीच भरपूर, त्यावर काकवी म्हणजे कडवट अधिक कडवट. मी केलं तर स्टाउट सोडून त्यासाठी बार्लीवाईन, म्हणजे दणकट, गोडसर बियर निवडेन. त्यात भाजका माल्ट नसतो, काकवीला जागा मिळेल.

आता मूळ मुद्दा. सिरप थेट ओतण्यापेक्षा पिंप का? मेपल सिरपमधली साखर म्हणजे जवळजवळ सगळी सुक्रोज, आपली नेहमीची साखर. यीस्ट ती पूर्ण खाऊन टाकतं. आंबत असताना सिरप घातलं तर साखरेचं अल्कोहोल होतं, गोडवा शून्य, आणि नाजूक सुगंध कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर हवेत जातो. हाती येते एक कोरडी, जास्त चढणारी बियर, जिच्यात मेपल शोधून सापडत नाही. म्हणून बऱ्याच ब्रुअरी शेवटी वेगळा मेपल अर्क घालतात.

पिंपात तसं होत नाही, कारण तिथे किण्वन संपलेली बियर जाते. ११ टक्के अल्कोहोलमध्ये यीस्ट थकलेलं असतं. लाकूड सगळं एकदम सोडत नाही, महिनोन् महिने थोडं थोडं देत राहतं. आणि सिरपने लाकडात शिरताना बर्बन बाहेर ओढलेली असते, त्यामुळे साध्या बर्बन पिंपापेक्षा इथे दारूचा चटका कमी लागतो. सीबीएस आणि फाउंडर्सचीच केबीएस (केंटकी ब्रेकफास्ट स्टाउट) शेजारी ठेवून प्या, लगेच लक्षात येईल. केबीएस नुसत्या बर्बन पिंपातली, ती छातीत उतरते. सीबीएस गोलाईने उतरते.

अनघा_प्रयोगशाळा

सुगंधाबद्दल थोडं, कारण यात आपल्या स्वयंपाकघराचा थेट संबंध आहे.

मेपलच्या वासामागे बरीच संयुगं आहेत. त्यातलं एक महत्त्वाचं सोटोलोन. हेच सोटोलोन मेथीदाण्यात असतं. मेथी तव्यावर हलकी भाजली की जो गोड, जळकट वास सुटतो, तो हाच. अमेरिकेत मिळणाऱ्या स्वस्त नकली पॅनकेक सिरपमध्ये मेथीचा अर्क सर्रास वापरतात.

न्यूयॉर्कला २००५ पासून काही वर्षं अधूनमधून अख्ख्या मॅनहॅटनवर मेपल सिरपचा वास पसरायचा. लोक घाबरून फोन करायचे, रासायनिक हल्ला तर नाही ना म्हणून. २००९ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या एका सुगंध कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया होते तेव्हा वारा योग्य दिशेने असला की हा वास नदीपार येतो. मॅनहॅटनवर पसरलेला तो वास मेथीचा होता!

सोटोलोन जुन्या शेरीत आणि जुन्या रममध्येही सापडतं. म्हणून काही जुन्या, पिंपात मुरलेल्या बियरमध्ये मेपलचा थेंबही नसताना प्यायलेल्याला मेपल जाणवतं. मिशिगनकर म्हणतात तो शेवटी येणारा लाकडी गोडवा सगळाच सिरपचा असेल असं नाही. ओकमधलं व्हॅनिलिन आणि लॅक्टोन, जळालेल्या लाकडातली कॅरमलसारखी संयुगं, सगळी एकाच दिशेने ओढतात.

स्पष्टच_बोलतो

अनघाताईंनी माझाच मुद्दा मांडला. मग पिंपात सिरप होतं की नव्हतं, कुणाला कळणार? मी टोरांटोला असतो, या बियर भरपूर प्यायल्यात. माझ्या मते बर्बन, कॉफी, चॉकलेट या तिघांच्या गर्दीत पिंपातलं मेपल हरवतं. लोक नावाचे आणि दुर्मीळतेचे पैसे देतात. बियर उत्तमच आहे, पण केबीएसपेक्षा जास्त किंमत मोजण्याइतका फरक मला लागत नाही.

घरगुती_ब्रुअर

@स्पष्टच_बोलतो, फरक किती असू शकतो याचा हिशोब करू.

बर्बनचं नेहमीचं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे साधारण २०० लिटर. समजा सिरप काढून घेतल्यावर भिंतीला आणि लाकडात मिळून १ लिटर राहिलं. १ लिटर सिरपचं वजन साधारण १.३३ किलो, त्यात साखर ८८० ग्रॅमच्या आसपास. ती २०० लिटर बियरमध्ये पसरली तर लिटरला ४.४ ग्रॅम. गोडीच्या दृष्टीने हे किरकोळच, कारण अशा स्टाउटमध्ये माल्टची न आंबलेली साखर आधीच याच्या कैक पट असते. म्हणजे गोडीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पण वास वेगळ्या हिशोबाने चालतो. सोटोलोनसारखी संयुगं अतिशय कमी प्रमाणातही नाकाला कळतात. शिवाय बर्बन आधीच ओढली गेल्यामुळे जे उणं झालं, तेही चवीत दिसतंच. माझ्यासाठी या पिंपाचा खरा परिणाम तोच आहे: काय घातलं त्यापेक्षा काय काढून घेतलं.

हाच हिशोब बाटल्या भरताना मात्र धोक्याचा ठरतो. लिटरला ४.४ ग्रॅम साखर यीस्टने नंतर बाटलीत खाल्ली तर कार्बन डायऑक्साइड साधारण १.१ घनफळांनी वाढतो (एक घनफळ म्हणजे बियरच्या आकारमानाइतका गॅस). स्टाउटमध्ये एकूण गॅस २.२-२.४ इतका हवा असतो. म्हणजे जवळजवळ निम्मा जास्त. बाटली फेसाळत उघडेल, कमकुवत असेल तर फुटेल. म्हणून अशा पिंपातली बियर घाईने भरायची नसते. बियरची घनता (साखर आंबली की ती घटते) सलग काही आठवडे स्थिर आहे हे मोजूनच पुढे जायचं.

स्पष्टच_बोलतो

हिशोब पटला, चव अजून पटली नाही. 🙂 कोणीतरी डोळे बांधून केबीएस आणि सीबीएस पाजा, मग बोलू.

माँत्रियालची_माई

थोडं कॅनडाच्या बाजूने. जगातलं ७० टक्क्यांहून जास्त मेपल सिरप एकट्या क्वेबेकमध्ये होतं. इथे उत्पादकांच्या संघटनेने सिरपचा राखीव साठा ठेवलाय, पीक कमी-जास्त आलं तरी भाव कोसळू किंवा चढू नये म्हणून. त्याच साठ्यातून २०११-१२ मध्ये जवळपास ३००० टन सिरप चोरीला गेलं, सुमारे १.८ कोटी कॅनेडियन डॉलरचं. चोर पिंपांतून सिरप काढून पाणी भरून ठेवत होते. २०१२ मध्ये तपासणीला आलेल्या माणसाला एक पिंप हलकं लागलं आणि सगळं उघड झालं.

पण ती पिंपं लोखंडी. बियरवाल्यांना त्यांचा उपयोग नाही. घाऊक सिरप धातूच्याच पिंपात साठवतात. लाकडी पिंपात सिरप मुरवणं ही लहान उत्पादकांची गोष्ट, आणि म्हणूनच असं पिंप मिळणं कठीण. सीबीएस इतकी दुर्मीळ का राहिली, याचं मोठं कारण मला हेच वाटतं. बर्बनचं पिंप पैसे टाकले की मिळतं. सिरप मुरलेलं पिंप हवं तर आधी कोणीतरी त्यात सिरप मुरवायला हवं, त्याने ते विकायला हवं, आणि त्याला किती पिंपं लागतात हे त्याच्या गिऱ्हाइकांवर अवलंबून. ब्रुअरीच्या हातात काही नाही.

आणि हो, बियरचं नाव कॅनेडियन आणि सिरप मिशिगनचं, हे इकडच्या लोकांना जरा खटकतंच!

कोथरूडकर

पुण्यात यातलं काही मिळतं का? इथे डूलॅली ही ब्रुअरी २००९ मध्ये सुरू झाल्यापासून ताज्या बियरचं बरंच चांगलं चाललंय, पण ११-१२ टक्क्यांची स्टाउट कुठे दिसत नाही.

अनघा_प्रयोगशाळा

@कोथरूडकर, दिसणारही नाही. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यविषयक मानकांत स्ट्राँग बियरची कमाल मर्यादा ८ टक्के आहे. त्यावरची बियर 'बियर' म्हणून विकता येत नाही. इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाईन, या शैलींतल्या ११-१२ टक्क्यांच्या बियर त्यामुळे आपल्याकडे येत नाहीत. ८ टक्क्यांच्या आतली पिंपात मुरवलेली स्टाउट करता येईल, गोव्यात पॉल जॉनची व्हिस्की बर्बनच्याच पिंपांत मुरते, म्हणजे पिंपं देशात आहेत. पण कमी अल्कोहोलची बियर आपल्या उष्ण हवेत लाकडात टिकवणं अवघड. जंतूंपासून तिचं रक्षण अल्कोहोलच करतं.

घरगुती_ब्रुअर

जंतूंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. लाकूड निर्जंतुक होत नाही. बर्बनचं पिंप नुकतंच रिकामं झालेलं असेल तर आतल्या दारूमुळे बरंच सुरक्षित असतं. पण सिरपचं पिंप? घट्ट सिरपमध्ये जंतू वाढत नाहीत, मात्र भिंतीला लागलेल्या थराला थोडा ओलावा मिळाला की बुरशी आणि रानटी यीस्ट दोन्ही येतात. म्हणून असं पिंप सिरप काढल्यावर शक्य तितक्या लवकर भरावं. कोरडं पडून राहिलेलं, आतून आंबूस वास येणारं पिंप कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

अल्कोहोल जास्त असलं की काळजी नाही, असंही नाही. शिकागोच्या गूस आयलंडची बर्बन काउंटी स्टाउट १४ टक्क्यांच्या आसपासची. नव्वदच्या दशकात बर्बनच्या पिंपात स्टाउट मुरवण्याची वाट पाडणाऱ्यांत तिचं नाव पहिलं घेतात. तिच्या २०१५ च्या काही बियर आंबट निघाल्या. आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही सहन करणारा लॅक्टोबॅसिलस हा जीवाणू त्यात सापडला. त्यांनी लोकांचे पैसे परत केले आणि २०१६ पासून पाश्चरायझेशन सुरू केलं. इतक्या अनुभवी लोकांची ही गत, तर घरी करणाऱ्याने किती जपायला हवं.

घरी करणाऱ्यांसाठी आणखी एक. २० लिटरचं छोटं पिंप दिसायला गोड असतं, पण लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग मोठ्या पिंपापेक्षा दुपटीहून जास्त. मोठ्या पिंपात बियर वर्षभर राहू शकते, छोट्यात काही आठवड्यांतच नुसतं लाकूड चघळल्यासारखी लागते. त्यापेक्षा ओकचे चौकोनी तुकडे घ्या, आधी बर्बनमध्ये भिजवा, निथळून मेपल सिरपमध्ये बुडवून ठेवा, मग तयार बियरमध्ये सोडा. रोज नको, पण आठवड्याला चाखा. हवी तशी झाली की तुकडे काढून टाका. पिंपातून जो हवेचा हळू हळू स्पर्श मिळतो तो यात मिळत नाही, एवढं मात्र मान्य करावं लागेल.

सिरप निवडताना फिकट सोनेरी घेऊ नका. हंगामाच्या शेवटी निघणारं गडद, 'व्हेरी डार्क' प्रतीचं घ्या. त्याचीच चव स्टाउटपुढे उभी राहते.

नवखी_बियरप्रेमी

हे सगळं वाचून एक बाटली आणली, अजून उघडली नाही. लेबलवर मेपल आहे, बॅरल-एज्डही आहे. पण सिरप ओतलंय की पिंपात होतं, कसं ओळखायचं? आणि प्यायची कशी? नवरा म्हणतो थेट फ्रीजमधून काढून मगमध्ये.

मिशिगनकर

@नवखी_बियरप्रेमी, मागचा बारीक मजकूर वाचा. 'मेपल सिरप बॅरल्समध्ये मुरवलेली' असं असेल तर पिंपातली. 'बर्बन बॅरलमध्ये मुरवलेली, मेपल सिरपसह' असं असेल तर सिरप ओतलेलं. 'नैसर्गिक स्वाद' हे शब्द दिसले तर अर्क. ओतलेली वाईट असते असं मुळीच नाही, फ्लोरिडाच्या फंकी बुद्धाची मेपल बेकन कॉफी पोर्टर आमच्या घरी सगळ्यांना आवडते. फक्त ती वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवावी.

मगमध्ये नको, आणि थेट फ्रीजमधूनही नको. फ्रीजच्या थंडीत जीभ बधिर होते आणि पिंपाचं सगळं काम वाया जातं. बाटली थोडा वेळ बाहेर ठेवा, १२-१३ अंशांपर्यंत येऊ द्या. बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता असा छोटा ग्लास घ्या. एक बाटली दोघातिघांत पुरते. पहिल्या घोटापासून शेवटच्यापर्यंत अर्धा-पाऊण तास लागू द्या, बियर गरम होत जाते तसं मेपल पुढे येतं. सोबत खारवलेले अक्रोड किंवा जुनं चेडर चीज. गोड काही नको.

आणि फार वर्षं ठेवू नका. कॉफी घातलेली असेल तर सगळ्यात आधी कॉफीच जाते, आणि गेल्यावर कधी कधी ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास मागे राहतो. वर्षभरात संपवा.

@स्पष्टच_बोलतो, डोळे बांधून चाचणीची कल्पना फार चांगली आहे. इकडे आलात तर नक्की करू. एका ग्लासात साधी बर्बन पिंपातली, एकात मेपल पिंपातली, आणि तिसऱ्यात पुन्हा पहिल्या दोनपैकी एक. तिघांतली वेगळी ओळखायची. नुसतं 'कुठली आवडली' विचारण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक.

स्पष्टच_बोलतो

तीन ग्लासांची अट मान्य. मार्चमध्ये येतो.

कोथरूडकर

मिशिगनकर, भाऊ डेट्रॉइटहून जानेवारीत येतोय. त्याला आणायला सांगितल्या तर चालतील का?

मिशिगनकर

चालतील. २४ टक्क्यांखालच्या मद्याला अमेरिकेच्या बाजूने चेक-इन सामानात मर्यादा नाही. भारतात माणशी २ लिटर करमुक्त, म्हणजे ३५५ मिलीच्या पाच बाटल्या आरामात बसतात. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत सील करायला सांगा, मग स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध. पोचल्यावर निदान आठवडाभर फ्रीजमध्ये उभी ठेवा, गाळ बसू द्या, मगच उघडा.